लोह मिसळलेलं पीठ वर्षभर खाऊनही हिमोग्लोबिन का वाढलं नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका आहार योजनेत बायकांना आणि शाळकरी मुलांना वर्षभर लोह मिसळलेलं, कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ दिलं गेलं. बायकांना दिवसाला साधारण २०० ग्रॅम. पोत्यावर ‘लोह ३० मिग्रॅ प्रति किलो’ असं छापलेलं होतं आणि लोक ते पीठ नियमित खात होते. तरी वर्षाअखेरच्या तपासणीत सरासरी हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. मग हे सगळं बंद करून तोच पैसा लोहाच्या गोळ्यांवर घालावा का?

बंद करू नका. पण पुढची ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराला एकच गोष्ट लेखी विचारा: पिठात जे लोह टाकलंय ते कोणत्या संयुगाचं आहे? तुमच्या प्रश्नात पिठाचा प्रकार आहे, लोहाचं प्रमाण आहे, लाभार्थी किती खातात तेही आहे. नेमकं संयुगाचं नाव नाही. पीठ गिरण्यांतली तपासणी आणि त्याच योजनांमधल्या रक्ताच्या नमुन्यांचं विश्लेषण अशा दोन्ही टोकांना मी बरीच वर्षं काम करत आले आहे, आणि न लागू पडलेल्या योजनांच्या कागदपत्रांत हीच जागा रिकामी दिसते. निविदेत ‘लोह’ एवढंच लिहिलेलं असतं. मग पुरवठादार सगळ्यात स्वस्त लोह देतो, आणि त्यात तो नियमाबाहेर काही करत नाही.

सगळ्यात स्वस्त लोह म्हणजे धातुरूप लोहाची बारीक भुकटी. गिरणीवाल्यांना ती आवडते, कारण पिठाचा रंग बदलत नाही, खवट वास येत नाही आणि पीठ महिनोन्महिने टिकतं. ती इतकी निरुपद्रवी असते याचं कारण ती सहजासहजी विरघळत नाही. आतड्यात मात्र फक्त विरघळलेलं लोहच शोषलं जातं. जठरातल्या आम्लात ही भुकटी किती विरघळेल हे कणांचा आकार, ती बनवण्याची पद्धत आणि त्या माणसाच्या जठरातलं आम्ल यांवर ठरतं. त्यातल्या त्यात विद्युतविश्लेषणाने बनवलेली, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक भुकटी बरी. बाकीच्यांचा भरवसा धरता येत नाही. याउलट फेरस सल्फेट पाण्यात विरघळतं, फेरस फ्युमरेट सौम्य आम्लात विरघळतं. सोडियम आयर्न ईडीटीए या तिसऱ्या संयुगात लोहाभोवती एक रेणू घट्ट धरून असतो, त्यामुळे जेवणातले अडथळे त्या लोहाला सहज पकडू शकत नाहीत.

हे अडथळे तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहेत, कारण तुमचं पीठ कोंड्यासकट आहे. धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असतं. वनस्पती त्यात फॉस्फरस साठवून ठेवतात. आतड्यात हे आम्ल लोहाला बांधून ठेवतं आणि ते लोह तसंच बाहेर पडतं. मैद्यासारख्या पांढऱ्या पिठात कोंडा काढून टाकल्यामुळे फायटिक आम्ल थोडं उरतं. कोंड्यासकट पिठात ते कित्येक पट असतं. लोहाच्या एका अणूमागे फायटिक आम्लाचा एकापेक्षा कमी रेणू असेल तरच शोषण चांगलं होतं. सोबत क जीवनसत्त्व किंवा मांसाहार असेल तर हे प्रमाण सहापर्यंत चालून जातं. कोंड्यासकट पिठाच्या साध्या जेवणात ते सहज त्याच्या वर जातं. अशा पिठात फेरस सल्फेटसुद्धा रडतखडत शोषलं जातं, आणि ईडीटीएचं लोह त्याच्या दुप्पट-तिप्पट शोषलं जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये पिठासाठी जी एकमताची शिफारस प्रसिद्ध केली, त्यात कोंड्यासकट पिठासाठी फक्त सोडियम आयर्न ईडीटीए सुचवलं आहे. माणशी खप दिवसाला १५० ते ३०० ग्रॅम असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅम लोह पुरतं असं ती शिफारस सांगते. तुमच्या पोत्यावर ३० छापलंय. आकडा जास्त, आणि तरीही काम कमी झालं असण्याची शक्यता मोठी आहे.

आता थोडं गणित करू. वर्षभरात हिमोग्लोबिन का हललं नाही हे त्यातून कळतं.

एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. ५० किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त असतं. तिचं हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे एक ग्रॅमने वाढवायचं असेल, समजा १०.५ वरून ११.५ वर न्यायचं असेल, तर रोजची झीज भरून निघाल्यावर वर सुमारे ११० मिलिग्रॅम लोह रक्तात पोचलं पाहिजे. आता २०० ग्रॅम पिठातून ३० च्या हिशेबाने तिच्या पोटात रोज ६ मिलिग्रॅम लोह जातं. भुकटी हलक्या प्रतीची असेल आणि त्यातलं दीड टक्का शोषलं गेलं, तर रोज ०.०९ मिलिग्रॅम मिळतं. ११० जमायला तीन वर्षांहून जास्त काळ लागेल. तेच ६ मिलिग्रॅम फेरस सल्फेटमधून आले आणि ४ टक्के शोषले गेले, तर रोज ०.२४ मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा वर्ष. ईडीटीएमधून २० च्याच हिशेबाने ४ मिलिग्रॅम आले आणि १० टक्के शोषले गेले, तर रोज ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे नऊ महिने. शोषणाचे हे टक्के मी ढोबळ धरले आहेत. ज्याच्या अंगात लोहाचा साठा कमी, त्याचं आतडं जास्त लोह ओढून घेतं, त्यामुळे माणसागणिक ते बदलतात. पण तिन्ही उत्तरांतलं अंतर बघा. दोन बायका दिसायला सारखंच पीठ, सारख्याच मापाने खातात. एकीला वर्षाच्या आत फरक पडतो, दुसरीला तीन वर्षांत पडत नाही.

हे नुसतं कागदी गणित नाही. श्रीलंकेत गव्हाच्या पिठात धातुरूप लोह मिसळून दोन वर्षं चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. रक्तक्षयात फरक पडला नाही. केनियात शाळकरी मुलांना अख्ख्या मक्याच्या पिठातून लोह देणारी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला इलेक्ट्रोलिटिक भुकटी आणि दुसऱ्या गटाला सोडियम आयर्न ईडीटीए, दोन्हींत किलोमागे ५६ मिलिग्रॅम लोह. पाच महिन्यांत ईडीटीएच्या गटात लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय झपाट्याने उतरला. भुकटीच्या गटात काही हाती लागलं नाही. पुढे २०१० मध्ये ७८ देशांच्या पीठ कार्यक्रमांचा एक आढावा निघाला. संयुग कोणतं, प्रमाण किती, खप किती या निकषांवर ठळक परिणाम अपेक्षित धरता येईल असे कार्यक्रम त्यात फक्त ९ निघाले. हा आढावा मी प्रत्येक नव्या योजनेच्या पहिल्या बैठकीत पुढे ठेवते. उरलेल्या देशांतल्या लोकांनी काही कमी पीठ खाल्लं नव्हतं.

योग्य संयुग, योग्य प्रमाण आणि ते खरोखर मिसळलं जाणं, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तर काय होतं ते कोस्टा रिकामध्ये दिसलं. तिथे गव्हाच्या पिठात आधी धातुरूप लोह जात होतं. २००२ मध्ये त्याजागी फेरस फ्युमरेट आलं, किलोमागे ५५ मिलिग्रॅम. जोडीला मक्याच्या पिठात आणि दुधात फेरस बिसग्लायसिनेट हे आणखी एक लोहाचं संयुग घालायला सुरुवात झाली. १९९६ आणि २००८-०९ या दोन राष्ट्रीय पाहण्यांच्या दरम्यान लहान मुलांमधला रक्तक्षय १९.३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, बायकांमधला १८.४ वरून १०.२ वर. बारा-तेरा वर्षांत देशात इतरही बरंच बदलतं, तेव्हा सगळं श्रेय पिठाला देता येणार नाही. पण मुलांच्या लोहाच्या साठ्यातली सुधारणाही त्याच काळात मोजली गेली आहे.

संयुगानंतर दुसरी जागा गिरणीतली, आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण योजना चालवणारे लोक गिरणीत क्वचितच पाऊल टाकतात.

लोह पिठात थेट टाकत नाहीत. फॉलिक आम्ल, ब१२ वगैरेंसोबत त्याचं प्रीमिक्स तयार होऊन येतं आणि पिठाच्या कन्व्हेयरवर बसवलेल्या छोट्या फीडरमधून ते सतत पडत राहतं. समजा टनामागे २०० ग्रॅम प्रीमिक्स टाकायचं ठरलंय आणि गिरणी तासाला ५ टन पीठ काढते. तर तासाला १ किलो, म्हणजे मिनिटाला सुमारे १७ ग्रॅम प्रीमिक्स पडलं पाहिजे. तपासायची पद्धत अगदी साधी. फीडरच्या तोंडाखाली एक ताटली दोन मिनिटं धरायची आणि पडलेली पूड वजन करायची. ३३-३४ ग्रॅम भरली तर ठीक. १२ ग्रॅम भरली तर हॉपरमध्ये, म्हणजे फीडरच्या वरच्या टाकीत, प्रीमिक्स ओलाव्याने धरलं आहे, किंवा स्क्रूचा वेग कोणीतरी कमी केला आहे. काही वेळा फीडर चालू दिसतो, दिवा लागलेला असतो, आणि आतली पूड गुठळी होऊन कमान धरून बसलेली असते. खाली काहीच पडत नाही. पाळीला एकदा ही ताटली धरली जाते का आणि त्याची नोंद वहीत आहे का, एवढं विचारा. वही नसेल तर उत्तर मिळालंच.

दुसरा हिशेब महिन्याचा. १०० टन पीठ निघालं असेल तर २० किलो प्रीमिक्स संपलं पाहिजे. खरेदीची बिलं आणि गोदामातली शिल्लक पडताळली की पाच मिनिटांत कळतं. मला विचाराल तर प्रयोगशाळेच्या अहवालांआधी हा हिशेब मागावा. अहवाल एका नमुन्याचा असतो, हिशेब सगळ्या महिन्याचा.

तिसरी चाचणी डोळ्यांना दिसणारी आहे. पिठाचा नमुना काचेच्या पट्टीवर दाबून सपाट करतात, त्यावर पोटॅशियम थायोसायनेट आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण टाकतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब. थोड्या वेळात पांढरट पिठावर लाल ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका म्हणजे बाहेरून टाकलेल्या लोहाचा कण. ठिपके सगळीकडे सारखे पसरलेले असले तर मिश्रण बरं झालंय; एका कोपऱ्यात दाटी आणि बाकी पट्टी कोरी असेल तर मिक्सिंगला पुरेसा वेळ मिळालेला नाही. दोन पोती शेजारी ठेवून ही चाचणी केली की एकाच लॉटमधलासुद्धा फरक समोर येतो. प्रमाण नेमकं किती हे मात्र यातून कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

आणि प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना एक चूक हमखास होते. कोंड्यासकट गव्हाच्या पिठात मुळातच किलोमागे ३५ ते ४० मिलिग्रॅम लोह असतं. नमुना पाठवला आणि ‘एकूण लोह ३८’ असा अहवाल आला, तर छापील ३० पेक्षा तो जास्त दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात त्या पोत्यात बाहेरचं लोह चिमूटभरही पडलं नसेल. म्हणून प्रीमिक्स घालण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन नमुने त्याच दिवशी, त्याच गिरणीतून घ्या आणि फरक बघा. तुमच्याकडे एकच आकडा असेल तर त्यावर काहीही ठरवू नका.

हे सगळं ठीक निघालं तरी तुमचं मोजमाप तपासावं लागेल. तुम्ही फक्त हिमोग्लोबिन मोजलंत. लोह कमी पडायला लागलं की शरीर आधी साठा वापरतं, आणि हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी उतरतं. लोह परत मिळू लागलं की रक्तक्षय असलेल्यांचं हिमोग्लोबिन सावकाश चढतं. ज्यांचं आधीच ठीक होतं त्यांचं चढत नाही, त्यांचा साठा भरतो. तो हिमोग्लोबिनमध्ये दिसत नाही, लोह साठवणाऱ्या फेरिटिन या प्रथिनाच्या रक्तातल्या पातळीत दिसतो. सरासरी काढताना हे दोन्ही गट एकत्र आले की खरा बदलसुद्धा पुसट होतो. निरोगी प्रौढात फेरिटिन लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आणि पाच वर्षांखालच्या मुलांत १२ पेक्षा कमी असेल तर लोहाची कमतरता धरतात. पण संसर्ग किंवा दाह असला की फेरिटिन खोटं वर जातं, म्हणून सोबत सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन मोजावं लागतं. अशा वेळी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शिका प्रौढांसाठी ७० आणि लहान मुलांसाठी ३० ही मर्यादा सुचवते. शिवाय रक्त बोटाच्या टोकातून घेतलं की शिरेतून, तेही बघा. बोट जोरात दाबून काढलेल्या थेंबात पेशींच्या मधल्या जागेतला द्रव मिसळतो आणि आकडा एक-एक ग्रॅमने इकडेतिकडे होऊ शकतो. पहिल्या फेरीत एक पद्धत आणि दुसऱ्या फेरीत दुसरी वापरली असेल तर तुलनाच करता येणार नाही.

फेरिटिन मोजण्याचं आणखी एक कारण आहे. सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. ब१२ किंवा फोलेटची कमतरता, मलेरिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, दीर्घकाळचा संसर्ग, किडनीचा आजार, यांतल्या कशानेही हिमोग्लोबिन उतरतं. हुकवर्मचे जंत आतड्यातून रक्त शोषत असतील किंवा पाळीत अतिरक्तस्राव होत असेल, तर पिठातून येणारं ०.४ मिलिग्रॅम लोह एका बाजूने येतं आणि त्याहून जास्त दुसऱ्या बाजूने जातं. आणि अंगात दाह असेल तर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. ते आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात सोडणारं दारच बंद करतं. मग उत्तम संयुगही त्या पेशीत अडकतं आणि दोन-तीन दिवसांत पेशी गळून पडली की तिच्यासोबत वाहून जातं. जिथे लोकांना सतत जुलाब, ताप, जंत असतात तिथे पिठातल्या लोहाचा परिणाम कमी दिसतो याचं मोठं कारण हे आहे. तुमच्या नमुन्यांत सीआरपी वाढलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं, तर पिण्याच्या पाण्याचं आणि जंतनाशकाचं काम पिठाच्या बरोबरीने हाती घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी हाच प्रश्न तुम्हाला पुन्हा पडेल.

गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलंत. गोळी हा उपचार आहे, आणि ज्यांना तो लागतो त्यांना तो मिळालाच पाहिजे. गरोदरपणात मिळून सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं, तेही मुख्यतः दुसऱ्या तिमाहीपासून, म्हणजे शेवटच्या सहा महिन्यांत. त्या काळात रोज ४-५ मिलिग्रॅम शोषलं जायला हवं. वरच्या गणितातले ०.४ त्याच्या जवळपासही जात नाहीत. म्हणून गरोदर बाईला रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल गोळीतूनच द्यावं लागतं, पीठ कितीही चांगलं असलं तरी. ज्यांचं हिमोग्लोबिन फार उतरलंय त्यांनाही पिठावर सोडणं चुकीचं आहे. पण सगळ्या समाजाला वर्षानुवर्षं गोळ्या देण्याचं ठरवलं, तर मळमळ, बद्धकोष्ठता, पोटात जळजळ यांमुळे लोक त्या टाकून देतात. शिवाय मोठा डोस घेतला की हेप्सिडिन सुमारे दिवसभर वर राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं शोषण कमी होतं. अन्नातून थोडं थोडं येणारं लोह या दोन्ही अडचणी टाळतं, आणि कोणाला काही आठवणीने करावं लागत नाही. तेव्हा पीठ सगळ्यांसाठी आणि गोळ्या निवडक गटांसाठी, हीच विभागणी मला टिकाऊ वाटते.

सहा महिने ते दोन वर्षं या वयाच्या बाळांचा विचार स्वतंत्रपणे करा. त्यांची गरज वजनाच्या मानाने प्रौढांहून खूप जास्त असते, आणि ती खातात मूठभर. दिवसाला ३० ग्रॅम पीठ पोटात गेलं तर त्यातून बाहेरचं लोह एक मिलिग्रॅमसुद्धा मिळत नाही. या वयासाठी घरी बाळाच्या शिजलेल्या खाण्यावर टाकायच्या सूक्ष्मपोषक भुकटीच्या पुड्या असतात. १९९० च्या दशकात टोरांटोमध्ये स्टॅनली झ्लॉटकिन यांनी ही कल्पना मांडली. पुडीत १० ते १२.५ मिलिग्रॅम लोह असतं, आणि पारंपरिक पुडीत चरबीचं आवरण दिलेलं फेरस फ्युमरेट असतं, म्हणून खाण्याला लोखंडी चव येत नाही.

पण मलेरियाच्या भागात इथे सावध राहायला हवं. टांझानियातल्या पेम्बा बेटावर तीन वर्षांखालच्या मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल देण्याची मोठी चाचणी झाली. २००६ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा लोह घेणाऱ्या मुलांत रुग्णालयात भरती होणं आणि मृत्यू मिळून १२ टक्क्यांनी जास्त आढळले. तिथे दिलेलं लोह एका डोसात, पूरक म्हणून होतं. पिठातून दिवसभरात येणारं नव्हतं. तरीही मलेरिया असलेल्या ठिकाणी लहान मुलांना लोह द्यायचं तर सोबत मलेरियाचा प्रतिबंध, निदान आणि उपचार हवेतच, हे त्यानंतर पक्कं झालं. कोत द’इव्हार (आयव्हरी कोस्ट) आणि केनियातल्या अभ्यासांत न शोषलेल्या लोहामुळे मुलांच्या आतड्यात अपायकारक जिवाणू वाढल्याचंही दिसलं. शोषलं न जाणारं स्वस्त लोह मुलांना भरपूर घालण्याविरुद्ध माझ्या दृष्टीने हे आणखी एक कारण आहे.

ज्यांना लोह जास्त होण्याचा धोका आहे त्यांचं काय, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच आणि तो रास्त आहे. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात शरीर लोह थांबवू शकत नाही. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांतही लोह साचतं. डेन्मार्कने १९८७ मध्ये आणि स्वीडनने १९९५ मध्ये पिठात लोह घालणं थांबवलं. फायद्याचा ठोस पुरावा नव्हता आणि लोह साचण्याची चिंता होती. तिथे धातुरूप लोह वापरलं जात होतं हेही लक्षात घ्या. निरोगी माणसासाठी पिठातले ४-६ मिलिग्रॅम काळजीचे नाहीत. प्रौढांसाठी अमेरिकेत धरलेली वरची सुरक्षित मर्यादा दिवसाला ४५ मिलिग्रॅम आहे. ईडीटीएच्या बाबतीत अन्न मिश्रकांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने किलो वजनामागे दिवसाला ०.२ मिलिग्रॅम लोह ही मर्यादा घातली आहे. १२ किलोच्या मुलासाठी ती २.४ मिलिग्रॅम होते, आणि २० च्या प्रमाणातलं १०० ग्रॅम पीठ खाल्लं तर २ मिलिग्रॅम पोटात जातात. म्हणजे लहान मुलांच्या बाबतीत हात राखूनच प्रमाण ठरवा. मिसळलंच आहे तर जरा जास्त मिसळू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. आणि निदान झालेल्या रुग्णांना साधं पीठ मिळेल अशी सोय योजनेत पहिल्या दिवसापासून असू द्या.

पिठाऐवजी दुसरं काही निवडता येईल का? येईल, पण दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत: तो पदार्थ गरजू लोक रोज जवळजवळ सारख्याच प्रमाणात खातात का, आणि तो मोजक्या कारखान्यांतून येतो का. व्हिएतनाममध्ये माशांच्या सॉसमध्ये ईडीटीए लोह घातलं गेलं. कारखान्यात काम करणाऱ्या रक्तक्षयी बायकांना आठवड्यात सहा दिवस १० मिलिलिटर सॉसमधून १० मिलिग्रॅम लोह सहा महिने मिळालं आणि रक्तक्षय स्पष्टपणे कमी झाला. ही चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. चीनमध्ये सोया सॉसमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत डरबनमधल्या भारतीय कुटुंबांच्या करी पावडरमध्ये याच संयुगाने काम केलं. तांदूळ आणि मीठ अवघड. दोन्ही पांढरे आणि ओल धरणारे, त्यामुळे विरघळणारं लोह घातलं की रंग बदलतो. मिठात तर आयोडीनही उडून जातं. म्हणून तांदळात फेरिक पायरोफॉस्फेट वापरतात: तांदळाच्या पिठात ते मळून दाण्याच्या आकाराचे कृत्रिम दाणे काढतात आणि साध्या तांदळात साधारण शंभरास एक असे मिसळतात. हे संयुग कमी शोषलं जातं. कणांचा आकार खूप बारीक केला किंवा सोबत सिट्रेट घातलं तर शोषण सुधारतं. तुमच्याकडे पिठाचा पुरवठा आधीच सुरळीत असेल तर पदार्थ बदलू नका, संयुग बदला.

क जीवनसत्त्वाचं एक राहिलं. ते फायटिक आम्लाचा अडथळा मोडतं हे खरं, पण पिठात घालून उपयोग नाही. भाजताना ते नष्ट होतं. हवाबंद दूध पावडरीत मात्र ते टिकतं, आणि चिलीमध्ये मुलांच्या दुधात लोहासोबत ते मुद्दाम घातलं जातं. तुमच्या योजनेत फार तर एवढं करा की जेवणात कच्चं फळ किंवा लिंबू असू दे, आणि चहा-कॉफी जेवणानंतर तासाभराने घ्यायला सांगा. त्यातल्या पॉलिफिनॉलमुळे लोहाचं शोषण निम्म्याहून खाली जाऊ शकतं.

आता तुम्ही करायच्या गोष्टी. पुढच्या निविदेत संयुगाचं नाव लिहा: ‘सोडियम आयर्न ईडीटीए, किलोमागे २० मिलिग्रॅम लोह’. या संयुगात लोह फक्त १३ टक्के असतं, म्हणजे टनामागे सुमारे १५४ ग्रॅम संयुग पडलं पाहिजे. प्रीमिक्सच्या प्रमाणपत्रावर हा आकडा जुळतो का बघा. ते महाग आहे. पुरवठादार ‘तेवढंच लोह फ्युमरेटमधून देतो’ म्हणेल. कोंड्यासकट पिठासाठी ते मान्य करू नका. पांढऱ्या पिठासाठी असतं तर मी चालवून घेतलं असतं. गिरणीच्या पाळीची वही आणि महिन्याचा प्रीमिक्सचा हिशेब बिल मंजूर करण्याची अट म्हणून घाला. पुढची रक्ततपासणी नवं पीठ सुरू होऊन वर्ष झाल्यावर, त्याच ऋतूत, शिरेतल्या रक्तावर करा. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि सीआरपी तिन्ही मोजा, आणि सरासरीपेक्षा फेरिटिन कमी असलेल्यांचं प्रमाण किती घटलं ते आधी बघा. मागच्या तपासणीतलं सीरम, म्हणजे पेशी वेगळ्या काढलेला रक्तातला द्रव, कोणी गोठवून ठेवलं असेल तर त्यातच फेरिटिन आणि सीआरपी आताच करून घ्या. नवं पीठ सुरू होण्याआधीची तुलनेची पातळी त्यातून मिळेल, आणि तुमच्या भागातला किती रक्तक्षय मुळात लोहाचा आहे हेही कळेल.